चाकाला जात नसते म्हणणाऱ्यांनो

जातीवर हल्ली एक नवीन औषध निघालंय. सहभोजनं झाली, आंतरजातीय लग्नांचे सत्कार झाले, देवळांची दारं उघडून त्यांचे फोटो छापून झाले. जात काय मेली नाय. आता म्हणे स्केटबोर्ड. सात थरांची लाकडी फळी, खाली चार चाकं, समोर काँक्रीटचा गुळगुळीत खड्डा. त्या खड्ड्यात जोश्याचं पोर आणि कांबळ्याचं पोर एकापाठोपाठ एक उतरलं की झालं, हजारो वर्षांचा रोग बरा. चाकाला जात नसते. काँक्रीटला धर्म नसतो. पडलं की ढोपर सगळ्यांचंच फुटतं आणि रक्त सगळ्यांचंच लाल.

असं बोलणारी माणसं नालायक असती तर काम सोपं होतं, तोंडावर थुंकून मोकळं होता आलं असतं. पण ती चांगली माणसं असतात. आपल्या पोरांना बूट वाटतात, खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. चांगल्या माणसाकडं हिशेब मागावा लागतो, आणि हिशेब मागितला की तो आपल्याला कडवट म्हणतो. म्हणू दे.

दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच जाणते. ते म्हणतात, हे बंगलेवाल्यांच्या पोरांचं खूळ. आपल्या पोरांनी पोटाचं बघावं, एमपीएससीचं बघावं, असल्या घसरगुंड्या कशापायी? वस्तीत नळाला पाणी येत नाय आणि तू चाकावर काय लिहितोस?

पहिले म्हणतात, खड्ड्यात जात नाही. दुसरे म्हणतात, खड्डा आपला नाही. मी दोघांच्याही विरोधात उभा आहे. त्या खड्ड्यात जात ओतलेली आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर आपला हक्क आहे. कसा, ते ऐका.

स्केटपार्कातला तो वाडग्यासारखा खड्डा नीट बघा. बाउल म्हणतात त्याला. भिंत आणि तळ यांच्यामध्ये कोपराच नसतो. तळाची सपाटी हळूहळू वळत वर चढते, चढता चढता सरळ उभी होते, आणि वर काठाला एक गोल कड असते. तिचं नाव कोपिंग. काही ठिकाणी कोपिंगच्या खाली चक्क टाइल्सची एक ओळ बसवलेली असते. मला सांगा, चाकाच्या खेळाला टाइल्स कशाला?

टाइल्स पाण्याला लागतात. पाण्याची रेघ जिथं येते तिथला मळ धुता यावा म्हणून लागतात. तो खड्डा म्हणजे अमेरिकन उपनगरातल्या बंगल्यामागच्या स्विमिंग पूलची नक्कल आहे. पाणी काढून घेतलेलं तळं. १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. घराघराच्या मागचे पूल कोरडे पडून राहिले. सँटा मोनिका आणि व्हेनिस यांच्यामधल्या पडीक किनाऱ्याला डॉगटाउन म्हणायचे. तिथली पोरं आधीपासूनच रिकामे पूल हुडकत हिंडत होती, त्यांना आता घबाड मिळालं. कुंपणावरनं उड्या मारून आत घुसायचं, तळाशी साठलेलं घाण पाणी उपसायचं, आणि पोलिसाची गाडी येईस्तोवर भिंतीवर फळ्या चालवायच्या. नुकतीच पॉलियुरेथेनची चाकं निघाली होती. जुनी क्लेची चाकं असल्या भिंतीवर घसरायची, ही धरून राहायची.

धंदेवाल्यांना वास लागायला कितीसा वेळ? मार्च १९७६मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला तिकीट लावून काँक्रीटचा स्केटपार्क उघडला. मग देशभर तसे पार्क निघाले. हातपाय मोडले, खटले झाले, विम्याचे हप्ते डोईजड झाले, आणि १९८०चं दशक सुरू होता होता बहुतेक पार्कांवर बुलडोझर फिरले. पुढं १९९८पासून कॅलिफोर्नियात कायद्यानं पालिकांवरची नुकसानभरपाईची टांगती तलवार दूर केली, तेव्हा सार्वजनिक पार्कांचं पीक पुन्हा आलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. तिच्यावर सिनेमे निघालेत. कुंपण ओलांडणारी बंडखोर पोरं, कोरडा पूल, आणि पाठीमागं गिटार. पण गोष्ट तिथनं सुरू करणारे लबाड आहेत. ती तळी बंगल्यांच्या मागं आली कुठनं, हे कुणी विचारत नाय.

मी विचारतो.

अमेरिकेतल्या शहरांनी १९२०-३०च्या दशकांत सरकारी पैशानं मोठमोठे सार्वजनिक पूल बांधले. हजार हजार माणसं एकावेळी उतरतील असे. त्यात काळ्या माणसाला मज्जाव. कुठं पाटी लावून, कुठं लाठी लावून. जून १९४९मध्ये सेंट लुईस शहरातल्या फेअरग्राउंड पार्कचा पूल सगळ्यांना खुला केला, तर पहिल्याच दिवशी गोऱ्या जमावानं काळ्या पोरांना दिसेल तिथं झोडपलं. १८ जून १९६४ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी एका मोटेलच्या पुलात काळे आणि गोरे सत्याग्रही एकत्र उतरले. मॅनेजरनं काय केलं? माणसं पाण्यात असताना काठावरनं अॅसिड ओतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराची तऱ्हा आणखी सभ्य. कोर्टानं भेदभाव बंद करा म्हटल्यावर पालिकेनं पूलच बंद केले. आम्हाला नको, तुम्हालाही नको. आणि १९७१ साली देशाच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, ठीक आहे, बंद करू शकता.

पूल सगळ्यांचा झाला की गोरा माणूस पूल सोडून गेला. कुठं गेला? उपनगरात. जिथं काळ्याला घर विकायचं नाही असा करार असायचा, जिथं काळ्या वस्तीला घरकर्जाची सरकारी हमी मिळायची नाही. तिथं त्यानं खाजगी क्लब काढले, आणि ज्याला परवडलं त्यानं स्वतःच्या परसात स्वतःचं तळं खणलं. जेफ विल्ट्सी नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं २००७ साली ‘कंटेस्टेड वॉटर्स’ हे अख्खं पुस्तक यावर लिहिलंय. परसातला पूल फक्त ऐषाराम नव्हता. त्यात विटाळही होता.

विटाळ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्याला तो कुणी समजावून सांगायला नको. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि नंतर तिथल्या सवर्णांनी दूध-दही-शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी त्या पाण्यात ओतून ते ‘शुद्ध’ केलं. तिकडं अॅसिड, इकडं शेण. बाटलीचं लेबल वेगळं, माल एकच.

तेव्हा हिशेब मांडा. विटाळानं तळं परसात नेलं. दुष्काळानं ते रिकामं केलं. पोरांनी ते चोरलं. धंदेवाल्यांनी त्याचा साचा काढून काँक्रीट ओतलं. आज जगातल्या कुठल्याही उपनगरात स्केटपार्क बांधतात तेव्हा बाउल म्हणून त्याच तळ्याची नक्कल ओततात, काठासकट. आणि वर आम्हालाच सांगता, काँक्रीटला जात नसते! अरे, त्याचा आकारच जातीनं दिलाय.

आता आपल्या घरचं बघू.

मुंबईला चाकाची फळी नवी नाय. गॅरेजमधनं टाकून दिलेली तीन बेअरिंगं, खोक्याची फळी, पुढं वळायला एक आडवा दांडा, आणि उताराचा रस्ता. ती बेअरिंगची गाडी खर्रर्र करत निघाली की चाळीतल्या बाया शिव्या घालायच्या. ती खेळणारी पोरं बंडखोर म्हणून कुणाच्या सिनेमात गेली नाहीत. आणि स्टेशनच्या पुलाखाली दोन्ही पाय गेलेला माणूस बेअरिंगच्या पाटावर बसून, हातांनी जमीन ढकलत, लोकांच्या पायांमधनं जातो. त्याच्याइतका तोल कुणाकडं आहे? त्याला कुणी खेळाडू म्हटलं नाय. चाकं तीच. फळीवर कोण आहे त्यावरनं नाव ठरतं.

मी वस्तीतली तीन पोरं घेऊन उपनगरातल्या अशा एका काँक्रीटच्या पार्कात गेलो. नाव सांगत नाय, कारण हे एका पार्कापुरतं नाही. फाटकावर वॉचमन आपलाच, हातात निळा धागा. त्यानं आधी आमच्या पायांकडं बघितलं. चप्पल चालत नाय, बूट पाहिजेत. बूट एकाच्याच पायात होते, ते तिघांनी पाळीपाळीनं घातले. हेल्मेट सक्तीचं, ते भाड्यानं. फळी भाड्यानं. तिघांत एक हेल्मेट आणि एक फळी घेतली.

खड्ड्यात उतरणं काय असतं ते सांगतो, कारण ते न सांगता नुसती टीका केली तर तो बेइमानीपणा होईल. फळीची शेपूट काठावर टेकवायची, मागचा पाय शेपटीवर, पुढचा पाय हवेतल्या टोकाकडं. खाली माणसापेक्षा खोल. आता सगळं वजन पुढच्या पायावर टाकून स्वतःला खाली फेकून द्यायचं. भीती वाटली आणि शरीर मागं ओढलं की फळी पुढं निसटते आणि डोक्याची मागची बाजू काँक्रीटवर आपटते. म्हणजे सावध राहिलास तर फुटशील, झोकून दिलंस तर वाचशील. मी गोदीत काम करतो, उतारावरनं वजन उतरवताना कुठल्या पायावर कधी भार द्यायचा ते मला ठाऊक आहे. तरी काठावर पोटात गोळा आला. दोनदा पडलो. तिसऱ्यांदा चाकांनी भिंत धरली. तळाला गुडघे वाकवायचे, भिंत चढायला लागली की ताठ व्हायचं, मग पायानं जमीन ढकलायची गरजच पडत नाय, वेग आपोआप मिळत जातो. समोरच्या भिंतीवर चढलो आणि वर, जिथं पुढं जायचं की परत फिरायचं ते ठरतं, तिथं अर्धा क्षण माझं वजन कुणाच्या मालाखाली नव्हतं. ते माझं होतं. दोस्तहो, हा आनंद खरा आहे. तो फुकटचा चैनीपणा वाटत असेल तर आठ तास पोत्याखाली उभे राहून बघा.

आमच्यातल्या सर्वांत लहान्यानं हेल्मेट काढून परत दिलं. काउंटरवरच्या पोरानं बाटली घेतली आणि हेल्मेटच्या आत तीनदा फवारा मारला. वाईट काय त्यात, घाम असतो, स्वच्छता पाहिजे. पण आमच्या आधी एका पोरानं हेल्मेट दिलं तेव्हा बाटली जाग्यावरच होती. मी विचारलं, "त्याला का नाय मारला?"

तो अगदी सरळपणानं म्हणाला, "दादा, तो रेग्युलर आहे ना."

रेग्युलर. नवीन शब्द आहे. त्या पोराला स्वतःला ठाऊक नसेल तो काय बोलला ते. १०८ घागरींची आता एक छोटी प्लास्टिकची बाटली झालीय, वास लिंबाचा येतो.

म्हणून काय करायचं? पाठ फिरवायची? आपले जाणते इथंच फसतात. त्यांना वाटतं, जिथं अपमान होतो तिथं जाऊ नये. मग महाडला कशाला गेलो होतो? चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर आपण मरणार होतो असं नव्हतं, हे खुद्द बाबासाहेबांनीच तिथं सांगितलं. तहान भागवायला गेलो नव्हतो. आम्ही माणसं आहोत हे ठरवायला गेलो होतो. पोटाला लागतं तेवढंच मागायचं असेल तर गुलामालाही भाकरी मिळते. खेळ ही पोटापलीकडची मागणी आहे, आणि जातीला आपल्या पोटापलीकडच्या मागणीचीच भीती वाटते.

आता एक गोष्ट सांगतो, जी आपल्याकडच्या प्रत्येक गोदीवाल्याला ठाऊक असायला पाहिजे. फ्लोरिडात टॅम्पा नावाचं बंदर आहे. तिथं गुलामीतनं सुटलेल्या माणसांनी वस्ती केली आणि पुढं सेंट्रल अॅव्हेन्यू नावाचा काळ्या लोकांचा रस्ता उभा राहिला. दुकानं, हॉटेलं, नाचगाण्याचे क्लब, वकील, डॉक्टर, सगळं आपलं आपण. ११ जून १९६७ला पोलिसांनी मार्टिन चेंबर्स या १९ वर्षांच्या निःशस्त्र काळ्या पोराला पाठीत गोळी घातली. रस्ता पेटला. मग हायवे आणि ‘शहरसुधारणा’ या गोंडस नावांनी जे उरलं होतं तेही सपाट केलं. १९७४पर्यंत सेंट्रल अॅव्हेन्यू संपला. आपल्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ला दहा माणसं गोळीबारात मारली, त्या वस्तीच्या पोरांना मी हे समजावत बसणार नाय.

सपाट केलेल्या जागेवर पालिकेनं बाग केली आणि १९७९मध्ये तिच्यात काँक्रीटचा एक खड्डा ओतला. तिकीट नाही, फाटक नाही. स्केटिंगवाल्यांनी त्याला ब्रो बाउल नाव पाडलं. आणि बागेला नाव कुणाचं? पेरी हार्वी सीनियर यांचं. हा माणूस टॅम्पाच्या काळ्या गोदी कामगारांच्या युनियनचा, इंटरनॅशनल लाँगशोअरमेन्स असोसिएशनच्या लोकल १४०२चा, पुढारी होता. जगात गोदीवाल्याचं नाव असलेल्या बागा किती असतील? त्यातल्या एकीत हा खड्डा.

पुढं शहरानं ठरवलं की बाग नव्यानं करायची आणि तिच्यात सेंट्रल अॅव्हेन्यूचा इतिहास सांगायचा. खड्डा आड येत होता. वस्तीतली काळी म्हातारी माणसं म्हणाली, आमची आठवण सांगायला ही एवढीच जागा उरलीय, खड्डा हलवा. स्केटिंगवाले म्हणाले, हाही इतिहास आहे, इथं काळी-गोरी पोरं एकत्र पडून मोठी झाली. त्यांनी कागद केले, धावपळ केली, आणि २०१३ साली ब्रो बाउल अमेरिकेच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेला. स्केटपार्कांमधला पहिला. पुढच्या वर्षी, २०१४ला, लंडनच्या हॉर्नचर्च उपनगरातल्या १९७८ सालच्या रोम स्केटपार्कला ब्रिटिश सरकारनं तसाच दर्जा दिला. टॅम्पाचा खड्डा मात्र २०१५ला फोडला. पण फोडण्याआधी लेझर लावून त्याचा इंच न् इंच मोजून ठेवला, आणि २०१६ला नव्या बागेत तसाच्या तसा दुसरा ओतून दिला. शेजारी सेंट्रल अॅव्हेन्यूचा इतिहास सांगणारी पायवाट.

गोड शेवट झाला म्हणता? मला दोन प्रश्न पडतात.

पहिला. तीस-पस्तीस वर्षांच्या खड्ड्याचा इंच न् इंच मोजला. त्याआधी गुलामीतनं सुटलेल्या माणसांनी जी घरं, जे क्लब, जी दुकानं उभी केली, ती पाडताना कुणी मोजपट्टी तरी लावली होती का? आणि लांब कशाला जायचं. टॅम्पात दुसरा खड्डा उघडला त्याच साली, २५ जून २०१६च्या पहाटे, दादरचं आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना अंधारात बुलडोझर घालून पाडला. लेझर कसला लावताय, आपल्याला बातमी कळायच्या आत ढिगारा झाला होता. तेव्हा ‘वारसा’ हा शब्द कुणी तोंडावर फेकला की आधी बघा, मोजायचं काय आणि मोडायचं काय, हे ठरवणारा हात कुणाचा आहे.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. म्हातारे आणि पोरं भांडली कशासाठी? एका तुकड्यासाठी. अख्खा रस्ता गिळणारा बाजूला बसला, आणि उरलेल्या चतकोरावर त्यानं दोन भुकेले सोडले. आठवण विरुद्ध खेळ. हे भांडण ओळखीचं वाटतं की नाय? आपल्या वस्तीत एक मोकळा प्लॉट उरतो आणि निम्मे म्हणतात विहार बांधा, निम्मे म्हणतात पोरांना मैदान ठेवा. मारामारीपर्यंत जातं. कुणी विचारत नाय की बाकीचे प्लॉट कुणाच्या टॉवरखाली गेले. विहारही आपला आहे, मैदानही आपलं आहे. एक प्लॉट दाखवून दोघांतलं एक निवडा म्हणणारा आपला दुश्मन आहे, मग त्याच्या खिशाला निळा पेन का असेना.

आता ते चांगले लोक लगेच मध्य प्रदेशचं उदाहरण काढतील. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ साली एका जर्मन बाईनं, उलरिके राइनहार्ड यांनी, स्केटपार्क बांधला. गावात आदिवासी आणि यादव, दोन वस्त्या, दोन जगं. पोरं त्या काँक्रीटवर एकत्र आली. तिथली आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ साली चीनमधल्या जागतिक स्पर्धेत खेळली. मी तिला जयभीम करतो, मनापासनं. पण तिथं काँक्रीटनं काय केलं आणि नियमानं काय केलं, ते वेगळं करून बघा. तिथं दोन नियम होते. शाळा नाही तर स्केटिंग नाही. आणि पोरी आधी. पोरगी आली की पोरानं फळी द्यायची. हा नियम नसता तर त्या फळ्या दांडगटांच्या पोरांनी बळकावल्या असत्या आणि आशा काठावर बसून बघत राहिली असती. काँक्रीट आपणहून कुणाला समान करत नाय. नियम करतो, आणि नियम पाळायला लावणारा माणूस तिथं रोज उभा असावा लागतो. घटना लिहिणाऱ्यानं हेच सांगितलं होतं ना? सद्भावनेवर भरवसा ठेवला असता तर कलमं कशाला लिहिली असती?

कायदा आपल्याकडं आहे. ऑगस्ट १९२३मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला, सरकारी पैशानं बांधलेली पाणवठे-धर्मशाळांसारखी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्यांना खुली. महाड पालिकेनं १९२४ला तसा ठराव केला आणि कपाटात ठेवला. तो कपाटातनं काढायला १९२७ला चालत जावं लागलं, आणि कोर्टातनं शिक्का मिळायला १९३७ उजाडलं. आज घटनेच्या १५व्या कलमात विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक ठिकाणं ओळीनं लिहिली आहेत. पालिकेच्या पैशानं बांधलेला स्केटपार्क त्या ओळीत बसतो. ते तळंच आहे. पाणी नसलं म्हणून काय झालं.

आणि काँक्रीट ओततं कोण? असला खड्डा यंत्रातनं छापून निघत नाय. सळ्या वाकवून पिंजरा बांधावा लागतो, होसपाइपनं काँक्रीट मारावं लागतं, आणि ते ओलं असतानाच गुरमाळा घेऊन हातानं वळण घोटावं लागतं. सरळ भिंतीला ओळंबा लावता येतो, वळणाला लावता येत नाय, तिथं लाकडी फर्मा आणि हाताचा अंदाज. एक खळगा राहिला तर चाक अडकून माणूस तोंडावर पडतो. हे हात कुणाचे? बिगारी नाक्यावर सकाळी सातला जाऊन बघा. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात १९९० साली पोरांनी बर्नसाइड पुलाखाली परवानगी न घेता स्वतःच काँक्रीट कालवून पार्क बांधायला घेतला, शहराला नंतर तो मान्य करावा लागला. ज्या समाजात घरटी एक गवंडी नाहीतर बिगारी आहे, त्याला हे जमणार नाय असं कुणी सांगू नये. पुलाखालच्या जागा आपल्या शहरात कमी नाहीत.

तेव्हा मागण्या लिहून घ्या. वॉर्ड ऑफिसात जाताना कागद हातात लागतो.

१. पालिकेच्या पैशानं बांधलेल्या स्केटपार्कला तिकीट नको. वॉचमन ठेवायचा तर पडलेल्याला उचलायला ठेवा, कपडे आणि चपला बघायला नको.

२. फळ्या, बूट, हेल्मेट पार्कातच, फुकट, सगळ्यांना एकाच पेटीतनं. फवारा मारायचा तर प्रत्येकाला मारा, रेग्युलरलाही.

३. पोरी आधी. लेखी नियम, मराठीत पाटी.

४. ज्या वस्तीला उठवून जागा मोकळी केली त्या वस्तीचं नाव पार्काला. कुठल्या बिल्डरच्या बापाचं नको.

५. ज्यांनी वळण हातानं घोटलं त्या गवंड्या-बिगाऱ्यांची नावं काठावर कोरलेली पाहिजेत.

६. एका प्लॉटवर मैदान की विहार, असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देऊ नका. त्याच्याकडं दुसरा प्लॉट मागा.

हे मिळाल्यावर मग खुशाल म्हणा की चाकाला जात नसते. त्या दिवशी मीही म्हणीन. तोवर हे वाक्य आपल्या पोरांसमोर बोलू नका, त्यांना फवाऱ्याचा वास ओळखू येतो.

आणि पोरांनो, तुम्हाला एवढंच. पार्काचा नकाशा वॉर्डात मंजुरीला लागतो तेव्हाच जा. उद्घाटनाच्या दिवशी जाऊन उपयोग नाय. काँक्रीट ओलं असतं तेव्हा बोटानंसुद्धा नाव लिहिता येतं. सुकल्यावर घण लागतो. घणही आपल्याकडं आहे, पण आधी बोट वापरून बघा.

जयभीम.